कोलंबोचं झाड आणि सोलापूरचं ऊन

सोलापूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या आळीत जी ती विचारते, लुगडी केवढ्याला पडली? मी लुगडं आणलं नाही. देवदर्शन झालं, पण गेले होते ती त्यासाठीही नव्हे. रत्नागिरीहून घाट चढून, गाड्या बदलत, हाडं खिळखिळी करून घेत मी सोलापूरला गेले ती एक आजारी कुंडी बघायला. हे ऐकलं की बायका आधी माझ्याकडे बघतात आणि मग कीव आल्यासारखं आमच्या ह्यांच्याकडे.

ह्यांनी तर निघतानाच सांगितलं होतं, "माणसांच्या डॉक्टरलासुद्धा इतक्या लांबून कोणी बोलावत नाही."

मी म्हटलं, "माणसं बोलून दाखवतात. झाडांच्या वतीनं कुणीतरी जायला नको का?"

आता ही विद्या मला कुठून आली तेही सांगून टाकते. हे पुष्कळ वर्षं एका सरकारी बागेत हेडक्लार्क होते. तिथे साहेबानं सावलीच्या झाडांसाठी एक मोठा मांडव घातला होता. वर काथ्याची जाळी, खाली ओली वाळू, आणि आत सिलोन-मलायाकडून आणलेली नाना तऱ्हांची पानं. प्रत्येक कुंडीत नावाची पत्र्याची पट्टी. मी ह्यांचा डबा घेऊन जायची ती तासभर तिथेच रेंगाळायची. पट्ट्या वाचून नावं पाठ झाली आणि तिथल्या माळ्याशी भांडून भांडून निगा कळली. पेन्शनीनंतर रत्नागिरीला आलो ते चार भांडी आणि दोन गाड्याभर कुंड्या घेऊन. आळीत मला 'कुंडीवाल्या काकू' म्हणतात. मला राग येत नाही.

माझ्या बहिणीची मुलगी कमल सोलापुरात असते. जावई तिथल्या एका गिरणीत कारकून आहेत. शिमगा झाला आणि कमलचं पत्र आलं: 'आमच्या घरमालकीण नीलव्वा यांच्याकडे कोलंबोहून आलेलं एक झाड आहे. पान बदामासारखं, जाड. फूल म्हणजे लाल चकचकीत फडी आणि तिच्यापुढे उभी वात. नाव कुणाला माहीत नाही. ते मरायला टेकलंय आणि त्याच्याबरोबर नीलव्वाही. मावशी, तू ये.'

लाल फडी आणि उभी वात वाचल्यावर मला त्या मांडवातली एक पट्टी आठवली. मी ट्रंक बाहेर काढली.

मोडनिंबच्या बाया आणि माझं पोतं

ट्रंकेबरोबर एक पोतंही होतं. त्यात नारळाची सोडणं, म्हणजे नारळावरची केसाळ सालं, आणि लाकडी कोळसा. देशावर नारळ मिळेल, पण सोडणं कोण ठेवणार?

मोटार घाटातून कशी हिंदकळली आणि कोल्हापूर-मिरजेला किती वेळ बसून काढला, ते सांगत नाही. ज्यानं हा प्रवास केलाय त्याला ठाऊक आहे आणि ज्यानं केला नाही त्यानं उगीच कशाला धास्तावावं? मिरजेहून बार्शीकडची छोटी गाडी मिळाली. ही गाडी इतकी सावकाश जाते की बाहेरची बाभळीची झाडं मोजावीत. पंढरपूर मागे पडलं आणि मोडनिंबला चार शेतकरणी डब्यात चढल्या. त्यातली एक थेट माझ्या पोत्यावर बसली आणि टुणकन उठली.

"ह्यात काय हाय वो, बाई? टोचतंय की!"

मी सांगितलं. तिनं पोत्याचं तोंड सोडून आत हात घातला.

"आगं बया! नुस्ती सालंच! आन् नारळ कुटं हाय?"

"नारळ घरी खाल्ले."

"आन् सालं गावाला निघाली! चुलीला घालाया व्हय?"

"एका झाडाला घालायला."

यावर चौघी एकमेकींकडे बघून तोंडाला पदर लावून हसल्या. पण त्याच बाईनं मग फडकं सोडून मला अर्धी भाकरी आणि वर लालभडक शेंगाची चटणी दिली. आम्ही कोकणातली माणसं भाकरी खातो ती तांदळाची, मऊ. ही ज्वारीची होती, आणि चटणीनं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. ती म्हणाली, "सवय न्हाय वाटतं!" आणि माझ्या भाकरीवर आणखी चटणी घातली. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत चढताना पोतं तिनंच उचलून दिलं.

कमलचं बिऱ्हाड

सोलापूरला टांग्यात बसले तेव्हा दुपार होती. सात रस्त्यापाशी टांगेवाल्यानं घोड्याला पाणी पाजायला टांगा थांबवला. तेवढ्या वेळात मला कळलं की कमलच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली होती, ती म्हणजे इथली हवा. आमच्याकडे ऊन लागलं तर घाम येतो. इथे घाम येतच नाही, येण्याआधीच वाळतो. ओठ फुटले, नाक आतून कोरडं पडलं. जे झाड समुद्राकाठच्या सावलीत जन्मलं, त्याच्या पानांना इथे काय होत असेल ते मला कातडीनंच सांगितलं.

कमलचं बिऱ्हाड सपाट मातीच्या छपराच्या एका चौसोपी घरात आहे. पुढे नीलव्वांच्या थोरल्या मुलाचं सुताचं दुकान, मागे नीलव्वांचं कुटुंब, एका अंगाला कमल. अंगणापलीकडच्या खोल्यांत विणकर राहतात. सूत नीलव्वांकडचं, विणणं त्यांचं. घर शैवांचं, घरात निम्मं कानडी निम्मं मराठी. मी पाय धुते न धुते तोच नीलव्वा आल्या. साठीच्या, उंच, कपाळभर भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची करडी, म्हणजे डबी.

"बर्री, कुंद्री," म्हणत त्यांनी माझ्यापुढे पाट सरकवला. "लई लांबनं आलात की. आदी जेवा. झाड कुटं पळून जातंय?"

जेवायला शेंगांची पोळी होती. आमच्याकडे पुरणात हरभरा, यांच्याकडे भुईमूग. मी दोन खाल्ल्या, तिसरी नको नको म्हणताना पानात पडली. वाढताना त्यांनी मुलाची हकीकत सांगितली. धाकटा गुरुबस भावाशी भांडून कोलंबोला गेला, तिथे एका कपड्याच्या दुकानात राहिला. वडील गेले तेव्हा आला, दिवस होईपर्यंत थांबला आणि जाताना ही कुंडी आईपुढे ठेवून म्हणाला, अव्वा, ह्याला जप, मी येतो. पहिल्यांदा पत्रं यायची. अलीकडे बरेच महिने काही नाही.

"त्येचं पत्र बंद झालं आन् हिकडं पानं पिवळी पडाया लागली," त्या म्हणाल्या. "हे झाड गेलं तर माजा गुरुबस परत येत न्हाय, बाई. मला ठावं हाय."

हसत हसत वाढणारी बाई हे इतक्या शांतपणे म्हणाली की मी हातातला घास पानात ठेवला. झाडं पुष्कळ बघितलीत मी, पण कुणाच्या मुलाचा जीव टांगलेली कुंडी कधी बघितली नव्हती.

देवघरात

कुंडी देवघरात होती. आत शिरताच आधी नाकाला आंबूस दुधाचा वास आला, मग दिवा दिसला आणि मग ते झाड. जेमतेम चार पानं उरली होती, आणि प्रत्येक पानावर भस्माचे तीन आडवे पट्टे ओढलेले. बुंध्याशी बेलाच्या पानांचा ढीग. कुंडीच्या काठापर्यंत पाणी.

झालं होतं असं. पहिल्या वर्षी कुंडी अंगणात रांजणाच्या सावलीत होती आणि मजेत होती. मग तिला फूल आलं. लाल फडी नागासारखी उभारलेली आणि तिच्याखाली उभी वात. शैवांच्या घरात ते बघून दुसरं काय वाटणार? महादेवच प्रकट झाला. कुंडी वाजतगाजत देवघरात गेली. पेठेतल्या बाया सोमवारी दर्शनाला यायला लागल्या, आणि दर्शनाला येणारी रिकाम्या हातानं येते का? प्रत्येकीनं एकेक तांब्या ओतला. कुणी दूध घातलं, कुणी मध. सोलापुरात पाण्याची किती ओढ असते ते मी त्या आठवड्यात बघितलं. तरी आपल्या वाटणीतलं पाणी त्या इथे आणून घालत होत्या. नीलव्वा तर रोज पहाटे एक तांब्या, मुलाचं नाव घेऊन.

मी पान उचललं. देठ पानाला जिथे मिळतो तिथे गुडघ्यासारखी गाठ होती. एवढी गाठ बघितली आणि माझी खात्री झाली. मांडवातल्या पट्टीवरचं नाव होतं अँथूरियम. आणि मग माझ्या जिभेनं घात केला. ओळख पटल्याच्या आनंदात मी मोठ्यानं म्हणाले, "अहो, हे तर अळूच्या घराण्यातलं! आमच्याकडे याच्या भाऊबंदांचं फतफतं करतात!"

कमलनं डोळे मिटून घेतले. दिव्याची वात चरचरलेली ऐकू आली.

"देवाला अळू म्हनता?" नीलव्वा म्हणाल्या.

"तसं नव्हे, पण हे पाणी आधी बंद करायला हवं. मुळं कुजताहेत. तुम्ही याला बुडवून मारताय."

हे तर पहिल्यापेक्षा वाईट झालं. मला वाटतं, कोणत्याही आईला असं सांगू नये. त्यांनी मला हातानंच बाहेर चला अशी खूण केली आणि देवघराचं दार ओढून घेतलं.

"मावशी," कमल बाहेर आल्यावर म्हणाली, "तुला झाडांशी बोलता येतं तेवढं माणसांशी का येत नाही ग?"

माझी सोडणं आणि कोळसा कोपऱ्यात तसाच पडून राहिला. रात्री आमच्याकडे शेंगांच्या पोळ्या आल्या नाहीत.

मागाची खोली

दुसऱ्या दिवशी घरात बसवेना, म्हणून कमल मला अंगणापलीकडे विणकरांकडे घेऊन गेली. नरसम्मा आणि तिचा नवरा, तेलंगणातून आलेलं कुटुंब. नवरा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेला, जांभळ्या लुगड्याचा काठ धरत होता.

मी दारात उभी राहिले तशी नरसम्मा ओरडली, "आत या की अम्मा, दार लावा! वारं आलं की सूत तुटतंय."

मी आत आले, दार लागलं, आणि मी तिथेच थांबले. ती हवा! जमीन पाण्यानं शिंपडलेली, भिंतीशी ओली गोणपाटं टांगलेली, एका बाजूच्या खिडकीतून उजेड येत होता पण ऊन येत नव्हतं. या कोरड्या गावात सूत तुटू नये म्हणून हे लोक खोली दिवसभर ओली ठेवतात. सोलापुरात उतरल्यापासून पहिल्यांदा माझा ओठ ओढला जायचा थांबला. आमच्या मांडवात शिरल्यासारखंच वाटलं मला. लुगडी बघायला आले होते ती मी भिंतीच बघत बसले.

झाडाला यापेक्षा चांगली जागा सगळ्या सोलापुरात नाही, हे मला तिथल्या तिथे कळलं. पण सांगू कुणाला? जिनं दार लावून घेतलं होतं तिला? आणि देवघरातला देव विणकराच्या खोलीत न्या, हे मी कोणत्या तोंडानं म्हणणार होते? आधीच अळू म्हणून बसले होते.

तळ्यावर

सोमवार उजाडला. कमल म्हणाली, आलीच आहेस तर सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन ये, निदान तो तरी तुझ्यावर रागावलेला नाही.

ज्यांनी हे देऊळ बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. शेजारी जुना किल्ला, पुढे मोठं तळं आणि तळ्याच्या मधोमध देऊळ. आमच्याकडे देवळं आंब्याफणसाच्या सावलीत दडलेली असतात, आवाज दिला तर सापडतात. इथे उघड्या आभाळाखाली चहूबाजूंनी पाणी आणि मध्ये देव. बांधावरून चालत आत गेलं की पाण्यावरून येणारा वारा तेवढ्यापुरता थंड लागतो. दर्शन घेऊन मी पायऱ्यांवर येऊन बसले आणि बघते तर दोन पायऱ्या खाली नीलव्वा. हातात तोच पितळी तांब्या.

उठून जाणं त्यांनाही शोभलं नसतं आणि मलाही. मी पाण्याकडे बघायला लागले. कासवं वर येत होती, बुडत होती. आणि बघता बघता मला जे सांगता येत नव्हतं ते समोर बांधून ठेवलेलं दिसलं.

मी म्हटलं, "नीलव्वा, एक विचारू? तुमचा देव पाण्यात बसलाय की पाण्याच्या मध्ये?"

"पान्याच्या मदी." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

"पायाला पाणी लागतं त्याच्या?"

"न्हाय. आत कोरडं हाय की. तुमी बगितलं न्हवं आता?"

"बघितलं. सगळीकडून गारवा, पण पाय कोरडे. कोलंबोच्या झाडालाही एवढंच हवं असतं. त्याच्या रानात ते मोठ्या झाडांच्या खोडांवर, पालापाचोळ्यात धरून बसतं. भोवती ओल, पण मुळाशी वारा. तुमच्या देवाला त्या बांधणाऱ्यानं तळ्याच्या मध्ये बसवला. तळ्यात बुडवला नाही."

नीलव्वांचा तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग त्या रडायला लागल्या. आवाज न करता, पदरही न लावता.

"मला काय कळत न्हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "पानी लई होतंय ह्ये मला बी दिसत हुतं. पर पहाटं उठलं की हात ऱ्हात न्हाय. त्यो तितं, मी हितं. त्येला जेवाया वाढता येत न्हाय, डोस्क्यावरनं हात फिरवता येत न्हाय. एक तांब्या पानी घालती, तर त्ये बी नगं म्हनता. मग मी त्येच्यासाटी करू तरी काय?"

मला माझीच लाज वाटली. मी मुळांची परीक्षा करत होते आणि ही बाई तांब्यातून मुलाला जेवायला वाढत होती. मी जवळ जाऊन बसले. म्हटलं, "करायला पुष्कळ आहे. तुमच्या हातांनीच करू."

पाण्याकडे बघत त्या म्हणाल्या, "उद्या काडू कुंडीतनं. पर तोडताना मला सांगून तोडा."

परातीतलं देऊळ

मंगळवारी सकाळी अंगणात सतरंजी पसरून आम्ही बसलो. भस्माचे पट्टे मी पुसले नाहीत. नीलव्वांनीच ओल्या फडक्यानं एकेक पान पुसलं, लहान पोराचं तोंड पुसावं तसं, आणि खालून हिरवा रंग आला तेव्हा त्यांनी कमलला हाक मारून दाखवला.

कुंडी उपडी केली. काळा, आंबलेला चिखल आणि त्यात मऊ पडलेली तपकिरी मुळं, बोट लावलं की साल निसटणारी. मी चाकू घेतला. "तोडते," असं प्रत्येक मुळापाशी सांगितलं आणि प्रत्येक वेळी नीलव्वांनी "व्हय" म्हटलं. एकामागून एक कुजकी निघत गेली, आणि आता काही उरत नाही की काय असं वाटलं. मग अगदी बुंध्याशी दोन मुळं सापडली. जाड, पांढरी, शेंड्याला हिरवट.

"ही जिवंत आहेत."

नीलव्वांनी ती बोटानं हळूच दाबून बघितली. "टणक हायत," त्या म्हणाल्या, आणि देवघराचं दार ओढून घेतल्यापासून पहिल्यांदा हसल्या.

मग माझ्या पोत्याला मान मिळाला. सोडणं फोडून, कोळसा आणि विटांचे तुकडे घालून भुसभुशीत कुंडी भरली. नीलव्वांनी पितळी परात आणली. परातीत पाणी, पाण्यात दोन विटा, विटांवर कुंडी. त्या मागे सरकून बघत राहिल्या.

"तळ्यातलं देऊळच की!"

"रोज तांब्या घाला," मी म्हटलं, "पण परातीत. कुंडीत मी सांगेन तेव्हाच."

सगळं छान झालं असं वाटत होतं. पण दुपारी वारा सुटला. तो वारा नव्हे, भट्टीचं दार उघडलेलं. बघता बघता परात आटली, पानांच्या कडा वळायला लागल्या. मी कुंडी घरात घेतली, ओली फडकी बांधली, दार लावलं, काही उपयोग होईना. मला मागाची खोली दिसत होती, पण माझी जीभ उचलत नव्हती.

नीलव्वा झाडाकडे बघत उभ्या होत्या. पलीकडून मागाचा खटक खटक आवाज येत होता.

"नरसम्मा खोली ओली ठेवती," त्या एकदम म्हणाल्या. "माजं सूत तितं तुटत न्हाय. मग पान तरी का तुटंल?"

आणि मला बोलायला जागा न ठेवता त्यांनी कुंडी उचलली. परात मी घेतली, विटा कमलनं.

नरसम्मानं दार उघडलं आणि पदर सावरत मागे सरली. "अम्मा, हा तुमचा देव! आमी खानारी मानसं. रविवारी चुलीवर मटन असतंय. हितं कसा चालंल?"

नीलव्वांच्या घरात कांदा सोलतानाही चतुर्थी-सोमवार बघतात, हे मी चार दिवसांत बघितलं होतं. दारात उभ्या उभ्या त्यांनी हातातली कुंडी सावरली.

"माजा गुरुबस कोलंबोत कुनाच्या घरी जेवतोय, ह्ये मी कदी इचारलंय?" त्या म्हणाल्या. "कुनीतरी वाडतंय म्हनून जिता हाय न्हवं त्यो? तू बी तशीच जप ह्येला. सरक, खिडकीपाशी ठिवू दे."

नरसम्माच्या नवऱ्यानं माग थांबवला, खड्ड्यातून वर आला आणि खिडकीखालची धोट्यांची टोपली उचलून जागा करून दिली. मग पुन्हा खाली उतरून विणायला लागला. माझे डोळे भरून आले होते. मी ते पुसलेही नाहीत.

निघताना

जावयांनी मला अजून आठ दिवस ठेवून घेतलं. नीलव्वा रोज पहाटे अंगण ओलांडून जायच्या, परातीत तांब्या ओतायच्या आणि नरसम्माशेजारी बसून सुताच्या कांड्या भरायच्या. एक कानडीत बोलायची, दुसरी तेलुगूत, आणि दोघींचं छान चालायचं. सोमवारी पेठेतल्या बाया आल्या तेव्हा नीलव्वांनी सगळ्यांना मागाच्या खोलीच्या दारातूनच दर्शन दिलं. "पानी परातीत," असं त्या दरडावून सांगत होत्या. पत्र्याची पट्टी नव्हती, म्हणून मी एका लाकडी पाटीवर 'अँथूरियम' असं लिहून दिलं. नीलव्वांनी वाचायला लावलं, एकदा म्हणून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्येचं शाळंतलं नाव ऱ्हाऊ द्या. घरात आमी गुरुबसचं झाडच म्हननार."

निघायच्या दिवशी सकाळी नरसम्मा धावत आली. बुंध्याशी बारीक, तांबूस, गुंडाळलेलं टोक वर आलं होतं. नवं पान. नीलव्वांनी ते बघितलं, हात जोडले नाहीत की काही नाही, थेट दुकानात गेल्या आणि थोरल्या मुलाला म्हणाल्या, "भावाला पत्र लिही. लिही, झाड बरं हाय, नरसम्माच्या घरी हाय. तू बरा हायस का? एवडंच. ये म्हनू नगंस."

थोरल्यानं मान वर करून आईकडे बघितलं आणि दौत पुढे ओढली.

स्टेशनवर त्या स्वतः आल्या. फडक्यात कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, आणि तो पितळी तांब्या, पाण्यानं भरलेला, वर वाटी झाकलेली.

"अहो, हा तर देवघरातला! परातीला काय घालाल?"

"परातीला नरसम्माची घागर हाय. ह्यो तुमी न्या. वाट लांबची हाय, ऊन लई हाय." गाडी हलली तशा त्या खिडकीला धरून दोन पावलं चालल्या. "वाटंत कुनी तान्हेलं भेटलं तर त्येला बी द्या की."

कुर्डुवाडीला बदललेली छोटी गाडी मोडनिंबला थांबली. एक तरुण मुलगा डोक्यावर ट्रंक घेऊन उन्हातून पळत आला आणि डब्यात चढून धापा टाकत बसला. कुठला, कुठे चालला, मी विचारलं नाही. वाटी काढून तांब्या त्याच्यापुढे केला. तो गटागटा अर्धा प्याला.

कमलचं कार्ड आलंय. पान उलगडलं, दुसरं डोकावतंय. कोलंबोहून उत्तरही आलं. गुरुबस लिहितो, मी बरा आहे, आणि नरसम्मा कोण?

तांब्या इथे आमच्या पडवीत, कुंड्यांच्या रांगेशेजारी आहे. हे विचारतात, एवढा चांगला तांब्या, झाडांना पाणी घालायला का नाही वापरत? मी रोज सकाळी तो भरते आणि रस्त्याकडच्या कठड्यावर झाकून ठेवते. घाट उतरून बंदराकडे जाणारी पोरं असतात. कुणाची कुठली, काय ठाऊक.